चिमाआक्का आणि संगमरवरी टेबल

नाचणे रोडच्या त्या पट्ट्यात चिमाआक्काला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही, आणि तिच्या तोंडी लागायची हौस असलेलं घरही सापडायचं नाही. उंचीने बेताची, अंगाने काटक, आणि दुसऱ्याचा तोरा अजिबात न खपणारी. ती भाजीच्या गाडीशी उभी राहिली की भाजीवाला आधी तराजूचं पारडं पुसून घ्यायचा.

तिच्या भावाच्या, महिपतच्या घरी कामाला बाई लागायची आणि महिना भरायच्या आत सुटायची, त्याचं कारणही हीच. पुसलेल्या लादीवरून बोट फिरवायचं, ते बाईच्या डोळ्यांसमोर धरायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. बोललेलं परवडलं असतं. बाईला चहा द्यायचा तो कान तुटलेल्या कपातून, तोही मागच्या पायरीवर. "कामवालीला कामवालीच्या जागी ठेवलं म्हणजे ती नीट राहते," असं आक्का म्हणायची. राहत कोणीच नसे, ते सोडा. सखू म्हणून एक बिचारी होती, तिला एका चमच्यापायी घालवलंन हिने. चमचा पुढे लोणच्याच्या बरणीत सापडला. आक्काने तो धुतलान आणि मांडणीत ठेवलान. सखूला निरोप धाडायचं काही तिच्या मनातही आलं नाही.

एवढ्या तोऱ्यात वागायचा आपल्याला हक्क आहे असं ती मानायची, आणि खरं सांगायचं तर होताही. गुहागरच्या पलीकडे दिली होती तिला. नवऱ्याने दुसरी बाई आणलीन आणि हिला ट्रंकेसकट एसटीत बसवून दिलंन. माहेरी आली तेव्हा बाप गेलेला, आई अंथरुणाला आणि महिपत शाळेत. मग ही काजूच्या कारखान्यात लागली. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी जळते, सोलून निघते, नवी येते, तीही जळते. त्या हातांच्या जिवावर महिपत बी.कॉम. झाला, सरकारी कचेरीत चिकटला, त्याचं लग्न झालं आणि नाचणे रोडला बंगला उभा राहिला. बंगल्यात स्वयंपाकघरामागची खोली आक्काची. महिपतची बायको दर्शना घरात आली तशा किल्ल्या आक्काच्या कमरेवरून तिच्या कमरेला गेल्या, आणि रांधणं, धुणं, निवडणं, पुसणं हे आक्काकडे राहिलं. पण बाई असो नाहीतर नसो, आक्काने कधी स्वतःला राबणारी म्हटलं नाही. "मी महिपतची बहीण, माझ्या भावाचं घर मी बघत्ये," असं ती सांगायची. तेवढं एक वाक्य तिच्याजवळ होतं, आणि त्याच्यावरच तिचं सगळं चाललं होतं.

घरांच्या अदलाबदलीची टूम काढलीन ती महिपतच्या मुलीने, वेदिकाने. ती पुण्याला कंपनीत होती. मोबाईलवर असं ॲप असतं म्हणाली, सुट्टीत आपण त्यांच्या घरी जाऊन राहायचं, त्यांनी आपल्या घरी येऊन राहायचं, भाडं नाही की काही नाही. नाशिकचं एक जोडपं समुद्रासाठी आसुसलं होतं, आणि दर्शनाला सप्तशृंगीला जायचं होतं. जमलं. घराचे फोटो काढले गेले, त्यात निम्मे संगमरवरी टेबलाचे. ते टेबल म्हणजे दर्शनाचा जीव. खास राजस्थानहून आणवलेलं, पांढरंशुभ्र. त्याच्यावर गरम पातेलं ठेवायचं नाही, ओलं फडकं टाकायचं नाही, आणि आक्काने तर तिथे जेवायलाच बसायचं नाही, कारण "आक्का, तुम्हाला आपलं खालीच बरं पडतं, नाही का?" गुडघे धरून उठताना आक्काला काय बरं पडत होतं, ते तिचं तिला ठाऊक.

"आत्या घरात राहते असं लिहिलं तर कोणी येणार नाही," वेदिका म्हणाली. "लोकांना अख्खं घर हवं असतं."

"मग तिला आपल्याबरोबरच..." महिपत म्हणाला, आणि बायकोकडे बघून थांबला.

"गाडी लागते त्यांना," दर्शना म्हणाली. "घाटात जीव नकोसा करतील. आणि घर परक्यांच्या हातात देऊन आपण सगळ्यांनीच जायचं? लक्ष ठेवायला नको कोणी?"

वेदिकाने मोबाईलवर बोटं चालवली. "घरकामाला बाई आहे असं टाकते. उलट खूश होतील. आत्या, आठवड्यापुरतंच हं. तू आमची कोण ते सांगायचं नाही. कामवाली म्हणायचं."

आक्का खाली बसून तांदूळ निवडत होती. तिला आधी ती थट्टा वाटली. मग तिने महिपतकडे पाहिलंन. महिपतने चष्मा काढलान आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतलान. एवढा वेळ पुसण्यासारखं त्या चष्म्यावर काही नव्हतं.

"आक्का, आठवडाभरच तर गो," शेवटी तो म्हणाला. "आपल्या माणसांसाठी एवढं करशील की नाय?"

आपल्या माणसांसाठी म्हटलं की आक्का पाघळायची, आणि हे महिपतला शाळेत असल्यापासून माहीत होतं. होईल काय आठवडाभरात, ती मनाशी म्हणाली. ही माणसं परत येतील आणि मी परत बहीण होईन. एवढं झालं की मिळवलं. दुसरं तिला काही नको होतं.

नाशिकची पाहुणी नम्रता शाळेत शिकवायची. नवरा अबोल, दिवसभर कॅमेरा गळ्यात घालून फिरणारा. दोघंही चांगली माणसं. वाईट असती तर बरं झालं असतं, आक्काने त्यांना सरळ करून टाकलं असतं. चांगल्या माणसांचं करायचं काय?

"मावशी, चहा घ्या," पहिल्याच सकाळी नम्रताने कप पुढे केला. फुलांचा, बशीतला, चांगल्या सेटमधला.

"माझा कप वेगळा आहे," आक्का म्हणाली. कामवालीने कसल्या कपातून प्यायचं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने तो कान तुटलेला कप काढलान, चहा त्यात ओतून घेतलान आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली.

नम्रता दारात आली. "तुम्हाला वेगळा कप ठेवलाय ह्यांनी?" तिच्या आवाजात राग होता, तो घरमालकांवरचा.

"घरची पद्धत आहे," आक्का म्हणाली. पद्धत कोणी पाडली ते तिने सांगितलं नाही. कान नसलेला कप गरम लागतो, बोटं भाजतात, हेही तिला त्या दिवशीच कळलं.

आणि हे काहीच नाही. सखू हल्ली दोन बंगले सोडून कामाला जायची. एका सकाळी आक्का अंगण झाडत असताना ती फाटकावरून चालली होती, आणि नेमकी त्याच वेळी नम्रताने व्हरांड्यातून हाक मारली, "मावशी, माझे दोन कपडे भिजवलेत, तेवढे पिळून घालाल का?"

"घालत्ये ताई," आक्का म्हणाली.

सखू जागच्या जागी थांबली. तिने आक्काकडे पाहिलंन, नम्रताकडे पाहिलंन, परत आक्काकडे. आक्काने मान किंचित हलवली, नको म्हणून. एवढ्या वर्षांत ती कोणापुढे अशी गयावया करायला गेली नव्हती. सखू बावळट नव्हती. तिला सगळं कळलं, आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

"काय गो चिमाबाय, किती घरं धरलीस?" तिने मोठ्याने विचारलं. "मालकीण बरी आहे ना? चमचेबिमचे मोजून घेते की नाय?"

"बरी आहे," आक्का म्हणाली.

"मग टिकून राहा हो. आमचं मेलं नशीबच फुटकं, ह्या घरात टिकलो नाय."

एवढं बोलून सखू आपली चालती झाली. त्या क्षणी आक्काला तिचा गळा आवळावासा वाटला, आणि त्याच गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही न करता तिने कपडे पिळलेनीत आणि दोरीवर घातलेनीत. नम्रताने विचारलं, "कोण होत्या?" तर म्हणाली, "आमच्यातलीच एक."

पाहुणे निघायच्या आदल्या दिवशी मिरकरवाड्याच्या बंदरावरून सुरमई घेऊन आले. नम्रताने हौसेने स्वतः तुकड्यांना हळद, तिखट, तेल चोळलं, प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि मुरायला टेबलावर ठेवलं. पिशवीला बारीकसं भोक होतं. लक्षात आलं तोवर दगडाने हळद पिऊन टाकली होती. पांढऱ्या टेबलावर वीतभर पिवळा ओघळ.

नम्रताचा चेहरा पडला. "मी आत्ताच्या आत्ता दर्शनाताईंना फोन करते. भरून द्यावं लागलं तर देऊ."

"नको," आक्का म्हणाली, आणि इतकी चटकन म्हणाली की नम्रता बघतच राहिली. दर्शना काय बोलेल ते आक्काला तोंडपाठ होतं. मग तुम्हाला ठेवलं होतं कशाला तिथे? त्यावर महिपत परत चष्मा पुसणार. घरची मंडळी हसत परत यायला हवीत, कुरकुरत आली तर तिला कोण विचारतंय? "तुम्ही भाट्याला समुद्रावर जाऊन या," ती म्हणाली. "येईस्तोवर डाग राहिला तर नावाची चिमा नाय."

आणि ही काही फुशारकी नव्हती. पितळेच्या समया, तांब्याचे हंडे, देवाची उपकरणी, आक्काने हात लावला आणि लखलखलं नाही असं आजवर झालं नव्हतं. सारातून काढलेली आमसुलं ती वाटीत जमवून ठेवायची, ती आणि मीठ घेऊन घासलं की काळं ठिक्कर भांडं सोन्यासारखं व्हायचं. तेच तिने केलंन. मूठभर आमसुलं, मूठभर मीठ, अंगातलं सगळं बळ. घासलंन, मग तो लगदा डागावर थापून वर ओलं फडकं घातलंन आणि दुपारभर ठेवलंन, हंड्याला ठेवतात तसं.

तांब्याचं भांडं निराळं आणि संगमरवर निराळा. त्या दगडाला आंबट लागलं की तो झिजतो, हे तिला सांगणार कोण? ज्या टेबलाशी तिला कधी जेवायला बसू दिलं नाही, त्याचे चोचले तिला कुठून कळणार?

संध्याकाळी तिने फडकं उचललंन. पिवळा रंग पार गेला होता. त्याबरोबर चकाकीही गेली होती. भाकरीएवढा तुकडा, फिक्या गुलाबी छटेचा, खरखरीत, मेल्या माशाच्या डोळ्यासारखा निस्तेज. तिने खोबरेल चोळलंन. ओलं होतं तोवर बरं दिसलं, सुकलं की परत तसंच. तिने परत चोळलंन. परत तसंच.

"मावशी, राहू दे आता," समुद्रावरून आल्यावर नम्रता म्हणाली. तिने टेबल बघितलं, आक्काचे हात बघितले, आणि आवाज आणखी मऊ केला. "मी सांगते त्यांना सगळं."

"मी सांगत्ये," आक्का म्हणाली. "मालकीणबाई माझं ऐकतात."

दुसऱ्या दिवशी निघताना नम्रताने तिच्या हातात एक साडी ठेवली. चांगली होती, थोडी वापरलेली. कामवालीला देतात तशी. 'नको' असं आक्काच्या अगदी ओठावर आलं होतं, पण कामवाली कुठे साडी नको म्हणते? तिने घेतलीन आणि वर नमस्कारही केलान.

महिपतची गाडी फाटकात शिरली तेव्हा आक्काने घावन आणि नारळाचा रस करून ठेवला होता, स्वतः धुवट नेसून दारात उभी होती. 'आक्का' म्हणून कोणी हाक मारली असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता. दर्शना तिच्या बाजूने सरळ आत गेली. टेबलावर मध्येच फळांचा ट्रे मांडलेला तिला दिसला. ट्रे तिथे कधी नसायचा. तिने तो उचलला.

"हे काय आहे?"

"पाहुण्यांच्या हातून हळद सांडली," आक्का म्हणाली.

"हळद पिवळी असते, आक्का. हा दगड कोणीतरी खाऊन टाकलाय."

महिपत आणि वेदिका येऊन उभे राहिले. तिघं एका बाजूला, ही एका बाजूला. आता खरं सांगावं तर आठवडाभर केलेलं सगळं पाण्यात, दर्शना आपल्याला जन्मभर हे ऐकवणार. आक्का घाबरली. उभ्या आयुष्यात जे केलं नव्हतं ते तिने केलंन.

"त्यांनीच कायतरी लावलंनी," ती म्हणाली. "मी बघितलं."

"लाव गं फोन," दर्शना वेदिकाला म्हणाली. "तोंड दिसेल असा लाव."

महिपत तोवर खुर्ची ओढून बसला होता. भूक लागली होती त्याला. वेदिकाने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, आणि नम्रताचा हसरा चेहरा त्यात आला.

"हो हो, हळद माझ्याच हातून सांडली," विचारायच्या आधीच ती म्हणाली. "फार वाईट वाटलं हो. दुरुस्तीचं जे असेल ते आम्ही बघतो. मावशी बोलल्या ना तुम्हाला?"

"बाई म्हणते की तुम्हीच त्याच्यावर काहीतरी लावलंत," दर्शना म्हणाली.

नम्रताचं हसू मावळलं. मग ती सावकाश बोलली. "नाही, आमसूल त्यांनी लावलं. पण चांगल्यासाठीच हो, डाग जावा म्हणून. घाबरून तसं म्हणाल्या असतील. गरीब माणूस, काय करणार. रागावू नका त्यांना. आणि कामावरून तर मुळीच काढू नका. ह्या वयात कुठे जातील त्या?"

"खोटं बोलते हे आजच कळलं," दर्शना म्हणाली. आक्का हाताच्या अंतरावर उभी होती, पण दर्शना फोनकडे बघूनच बोलत होती. "वर्षानुवर्षं आहे आमच्याकडे. पण ह्या लोकांचं असंच असतं, कितीही करा."

ह्या लोकांचं. आक्काने महिपतकडे पाहिलंन. आता तरी तो मान वर करील असं तिला वाटलं. बायकोला गप्प म्हणायला नको, भांडायला नको, नुसतं 'अगं, काय बोलतेस' म्हणाला असता तरी तिला पुरलं असतं. महिपत घावनाचा तुकडा रसात बुडवत होता. तुकडा पुरता भिजला तरी तो बुडवतच राहिला.

मग आक्का पुढे झाली. दर्शनाला बाजूला सारून फोनच्या समोर येऊन उभी राहिली.

"ताई, मी खोटं बोलले. आमसूल मीच लावलं," ती म्हणाली. "पण मी कामवाली नाय. मी ह्याची बहीण आहे, थोरली. हा शाळेत होता तेव्हापासून मी ह्याला वाढवलाय. ह्या हातांनी वाढवलाय."

वेदिकाचा हात फोनकडे गेला आणि थांबला. कारण पलीकडे नम्रताचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंत ना?" ती गहिवरून म्हणाली. "किती जीव आहे ह्यांचा तुमच्यावर. सख्ख्या बहिणी नाही बोलत हो असं. महिपतराव, नशीबवान आहात तुम्ही. अशा बाई मिळायला भाग्य लागतं."

आक्का फोनकडे बघत राहिली. तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती महिपतकडे वळली. वेदिकाने फोन उचलून बापाच्या तोंडासमोर धरला. सगळं आता त्याच्यावर होतं. खरंच बहीण आहे ती माझी, एवढंच म्हणायचं होतं. त्याला घाम आला होता, ओठावर रस लागला होता, आणि बायको त्याच्याकडे बघत होती.

"हो, हो," महिपत म्हणाला. "आम्ही तिला अगदी घरच्यासारखं मानतो."

फोन बंद झाला. दर्शना खुर्चीत टेकली आणि पदराने वारा घेऊ लागली. "शोभा झाली असती आत्ता. काय म्हणावं ह्यांना."

"पण वाचलो," वेदिका म्हणाली. "त्यांना खरं वाटलंच नाही. आणि चांगलंच लिहिणार बघ त्या आपल्याबद्दल. नागपूरची एक फॅमिली डिसेंबरसाठी विचारतेय, बाई असेल का म्हणून. हो म्हणू ना?"

"म्हण," दर्शना म्हणाली. "टेबल मात्र आधी पॉलिश करून घ्यायला हवं."

आक्का अजून तिथेच उभी होती. "महिपत," ती म्हणाली, "मी कोण रे तुझी?"

"आता कशाला उकरून काढतेस गो?" तो ताटातून नजर न काढता म्हणाला. "ऐन वेळेला सुचलं ते बोललो. हे घावन पार गार झालं. एक गरम टाक बघू."

आक्का आत गेली. तिने तवा ठेवलान, पीठ ओतलंन, कडा सुटेपर्यंत थांबली, उलटलंन. महिपतला कडेने कुरकुरीत लागतं, तसंच केलंन. ताटलीत घेऊन बाहेर आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवून एक पाऊल मागे सरून उभी राहिली.

"अजून घालू का, साहेब?" तिने विचारलं.

महिपतने तुकडा मोडला.

"नको," तो म्हणाला. "एक पुरे."